मुंबई तीन किलोमीटर

१७ फेब्रुवारी १९८६

ही डायरी पंच्याऐंशीची आहे. औषधाच्या कंपनीची. डॉक्टरने दाजी सुर्व्यांना दिली, दाजींनी मला. त्यामुळे तारीख बरोबर आणि वार चूक. आज सोमवार, डायरी म्हणते रविवार. म्हणजे मी वर्षभर एक दिवस मागे राहणार. असू दे, फुकटच्या गाईचे दात मोजू नयेत.

मी केरू. वय बावीस. दहावीला दोनदा बसलो आणि दोनदा उठलो. पण अक्षर झकास, म्हणून पाट्या रंगवतो. होड्यांची नावं, दुकानांचे फलक, 'येथे थुंकू नये'. पूर्णगडपासून पावसपर्यंत जिथं जिथं थुंकू नये तिथं मी लिहिलेलं आहे आणि लोक बरोबर त्याच्यावर थुंकतात.

दाजींचा रत्नागिरीत फोटो स्टुडिओ. मेव्हण्याने दुबईहून व्हिडिओ कॅमेरा आणून दिल्यापासून दाजी जमिनीवर नाहीत. आज मला बोलावून म्हणाले, "लग्नं तर काढूच रे, पण आपण पिक्चर काढू. पावसाच्या आधी. गोष्ट तू लिवायची."

म्हटलं, "मी?"

"ज्यानं मैलाचा दगड बदललान तो गोष्ट लिवील."

दगडाचं असं झालं. आमच्या वाडीच्या वळणावर रस्त्याकडेला दगड आहे, 'मुंबई ३७१'. गेल्या दिवाळीत मी त्यातला सात आणि एक पुसला. राहिलं, 'मुंबई ३'. एस्टीच्या ड्रायव्हरने गाडी थांबवून पॅसेंजरना दाखवलं. मी मोठा माणूस झालो.

पण तिसऱ्या दिवशी धोंडूबाई आत्ये दगडापाशी आली. आत्ये म्हणजे आमच्या शेजारच्या भागोजीकाकांची मोठी बहीण, विधवा, त्यांच्याकडेच असते. अख्खी वाडी तिला आत्येच म्हणते. तिचा खंडू नऊ वर्षं मुंबईला आहे आणि नऊ वर्षांत आलेला नाही. ती पिशवीत आमसुलं घेऊन दगडाशेजारी बसली. मी म्हटलं, "आत्ये, मुंबई लांब आहे गो." तर म्हणाली, "ता मला काय म्हायत नाय? पण सरकारनं दगडावर लिवलान म्हंजे कुठंतरी नवा रस्ता काडलान असंल." दुपारपर्यंत बसली. मग उठून घरी गेली. मी दुसऱ्या दिवशी सात आणि एक परत रंगवले.

हा शेवटचा भाग मी दाजींना सांगितलेला नाही.

दाजींनी मला पिक्चरचा हिशोब शिकवला. एक हिरो, एक हिरवीण, एक व्हिलन, चार साइड कॅरेक्टर. "आणि एक ध्यानात ठेव केरू. हिरोला कायतरी हवं असतं आणि तो ता मागतो. ज्याला हवं असून मागता येत नाय तो साइड कॅरेक्टर."

मी ते वहीच्या पहिल्या पानावर पाटीसारखं मोठ्या अक्षरात लिहिलं. मग त्यावर चहा सांडला.


२० फेब्रुवारी

तीन हिरो केले, तिन्ही मेले.

पहिला पोलीस इन्स्पेक्टर. पण आमच्याकडे चोरी होते ती कोंबडीची. दुसरा कॉलेजातला. तो काय बोलेल ते मला कुठून ठाऊक? तिसरा तांडेल, वादळात एकटा होडी हाकणारा. तो बरा होता. मथीला वाचून दाखवला.

मथी म्हणजे मथुरा, भागोजीकाकांची मुलगी. आमच्या दोन घरांच्या मध्ये एक पायवाट आणि एक फणस. ती दहावी पास आहे आणि हे ती मला विसरू देत नाही. दुपारी ती किनाऱ्यावर वाळत घातलेला जवळा, म्हणजे बारकी कोलंबी, राखत बसते, हातात काठी, कावळ्यांसाठी. मी जवळ बसलो की काठी माझ्यासाठी पण असते.

ऐकून म्हणाली, "वादळात एकटा कशाला गेला हा?"

"शूर आहे."

"शूर नाय, येडा हाय. चार खलाशी नसताना माझा बापूस होडी सोडंल काय?"

"मग त्याला काय पाहिजे ते तू सांग."

ती कावळा हाकलत म्हणाली, "ता मी कसं सांगू? तुज्या हिरोला काय पायजे ता तुलाच म्हायत."

घरी येऊन विचार केला. मला काय पाहिजे? तेव्हा भूक लागली होती, त्यामुळे दुसरं काही सुचलं नाही.


२ मार्च

व्हिलन सापडला! आयताच चालत आला.

गावात शोधून शोधून दमलो होतो. ज्याला त्याला व्हिलन करायला घेतो आणि लिहिता लिहिता तो चांगला होतो. आज सकाळच्या गाडीने लांज्याहून माणसं उतरली, मथीला बघायला. मुलगा सदानंद, सदू म्हणतात. मुंबईत छापखान्यात खिळे जुळवतो. डोळ्याला गॉगल, खिशाला पेन. पेन लावणारे लोक मला आधीपासून आवडत नाहीत.

मी मागच्या दाराने शिरून साखरेच्या डब्यात मीठ टाकलं. मग माजघराच्या खिडकीशी उभा राहिलो. भागोजीकाकांनी पहिला घोट घेतला आणि सरळ अंगणात जाऊन थुंकले. सदूच्या मामाने कप तसाच ठेवला. मथी ट्रे घेऊन उभी, लाल झालेली. आणि हा सदू तिच्याकडे बघून अख्खा कप प्याला. तळापर्यंत. वर म्हणाला, "चहा छान झालाय."

पक्का व्हिलन. चेहऱ्यावर काही दाखवतच नाही.

जाताना काकांच्या होडीपाशी थांबला. तिचं नाव मी रंगवलंय. विचारलं, "हे अक्षर कुणाचं?" मी म्हटलं, माझं. म्हणाला, "एवढं घोटीव वळण आमच्या प्रेसमध्ये कुणाचं नाही हो." व्हिलन गोड बोलतो असं दाजींनी सांगितलंच होतं.

वहीत त्याला मिशा लावल्या आणि एक डोळा काढून घेतला.


३ मार्च

मथी म्हणाली, "मीठ तू घातलंस."

"तुला कसं कळलं?"

"दुसरं कोण घालनार?"

"राग आला?"

"नाय." ती जवळा चाळायला लागली. मग म्हणाली, "मला वाटलं, येवडं केलंस तर आता कायतरी बोलशील."

"काय बोलू?"

"कायच नको. ती बाजू उलटी कर, ओली हाय."

मी उलटी केली.


११ मार्च

गोष्ट पळतेय. हिरो तांडेल, हिरवीण त्याच्या शेजारची, व्हिलन एक डोळ्याचा, लांज्याचा, तो हिरविणीला बोटीत कोंडून नेतो. मध्ये तीन मारामाऱ्या. दाजी म्हणाले मारामाऱ्या दोनच ठेव, कॅमेऱ्याला पाणी लागेल.

मथीला वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलंन आणि म्हणाली, "तुज्या हिरविणीला तोंड हाय काय?"

"आहे की. सुंदर आहे."

"तसं नाय रे मेल्या. सगळीकडं लिवलंस, 'हिरवीण : बघत राहते.' हिरो होडी घेऊन गेला, ती बघत राहते. व्हिलन आला, ती बघत राहते. म्हशीसारकी बघत्येच काय ती?"

"ती काय बोलणार? हिरो बोलेल ना शेवटी. क्लायमॅक्सला."

"आणि तवर तिचं लगीन झालं तर?"

"मग हिरो व्हिलनला मारील."

"मारून झाल्यावर?"

हे मी ठरवलंच नव्हतं. म्हटलं, "मग पिक्चर संपला. लोक उठतात, बिड्या पेटवतात."

ती उठली आणि चालायला लागली. जवळा तसाच उघडा टाकून. एवढे कावळे उतरले! मी एकटा किती हाकलणार? तिला हाका मारल्या तरी वळली नाही. बायकांना पिक्चरचा शेवट नीट सांगावा लागतो बहुतेक.


१६ मार्च

आज साइड कॅरेक्टर. पहिलं मोरूकाका गुरव, गावदेवाची पूजा करतात आणि पूजेपेक्षा झोप जास्त काढतात. दुसरी माझी आई. तिसरे भागोजीकाका, तोंडाने फटकळ. चौथी धोंडूबाई आत्ये.

आत्येला नीट बघून लिहावं म्हणून गेलो तर तीच मला बघत होती. अंगणात बसवलंन, हातात फणसाची भाजी ठेवलीन आणि पोलिसासारखे प्रश्न.

"घर शाकारलंस काय रे यंदा?"

"पावसाच्या आधी शाकारीन."

"पाट्या रंगवून भागतं काय?"

"भागतं."

"दारू?"

"मिळाली तर."

"हसू नको. मुंबैला जायाचं मनात हाय?"

"माझ्या पाट्या इथं आहेत, आत्ये. मुंबईला मी काय लिहू?"

तिने भाजी आणखी वाढलीन. मग म्हणाली, "मुंबैनं माझा एक खाल्लान. दुसरं मानूस मी तिच्या तोंडात द्याची नाय." मी म्हटलं, दुसरं कोण? तर म्हणाली, "आमच्यात आधी देवाला इचारतात, मग मानसाला. जा तू आता. आणि दगड-बिगड रंगवू नको परत."

म्हातारी अजून दगड विसरलेली नाही. सगळा जबाब घेतलान तो त्याच रागाने. माझ्या गोष्टीत ती फार बोलायला लागली तर हिरो दबेल. तिला तीनच डायलॉग दिले.


२२ मार्च

मथीने वही मागून नेली होती, आज परत दिलीन. म्हणाली, "थोडं सुदारलंय. शेवटचं पान वाच. वाच आणि मग मला सांग."

शाळेत असतानाही ती माझी वही अशीच सुधारायची. लाल पेन्सिल. मला अजून त्या रंगाची भीती वाटते. वही ट्रंकेत टाकली, नंतर बघू.


२३ मार्च

विहिरीवर मथीने विचारलंन, "वाचलंस?"

वाचलं नव्हतं. म्हटलं, "वाचलं की. झकास आहे."

तिने कळशी खाली ठेवली. "मग?"

"मग काय? दाजींना आवडेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. अगदी मी लिहितो तशी. मी गंमतीने म्हटलं, "बघ, हिरवीण बघत राहते!" ती हसेल असं वाटलं होतं.


२८ मार्च

शिमगा. मुंबईची सगळी माणसं आली. वाडीत पाय ठेवायला जागा नाही. पालखी घरोघर नाचते, ढोल असा की छातीतली हाडं हलतात. एका मुंबईकराच्या पँटला मागून मी 'ताजा रंग' अशी पाटी चिकटवली, तो ती घेऊन तीन घरं नाचला.

पालखी भागोजीकाकांच्या अंगणात आली तेव्हा आत्ये दारात उभी होती. हातात नवा सदरा, घडी न मोडलेला. दरवर्षी खंडूसाठी आणते. पालखीबरोबर आलेल्या एकेका माणसाचं तोंड बघत होती. पालखी गेली तशी सदरा घेऊन आत गेली. असे आठ सदरे तिच्या पेटीत आहेत, हा नववा. मथीने सांगितलंन एकदा.

ढोलाच्या आवाजात आई कानात ओरडली, "भागोजी सोमवारी नाय, त्याच्या पुढच्या सोमवारी कौल लावताय. मथीच्या लग्नाचा."

ढोल वाजत होता, मला ऐकू येईना झाला.


६ एप्रिल

कुणाला सांगायचं नाही म्हणून इथं लिहितो.

कौल कसा लावतात ते मोरूकाकांच्या शेजारी बसून मी शंभर वेळा बघितलंय. ते गाऱ्हाणं घालतात आणि गावदेवाच्या पाषाणाला, दोन्ही खांद्यांवर, तगरीच्या ओल्या कळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होय. डावी पडली तर नाय. मग राजाचं पण चालत नाही.

उद्या विचारणार, मथीला लांज्याला द्यायची काय? आणि देव होय म्हणाला तर?

आमच्या मधल्या फणसाला कोवळे फणस धरलेत. एक कापला, चीक काढला, करवंटीत धरला. दुपारी मोरूकाका ओसरीवर घोरत होते. मी गाभाऱ्यात गेलो आणि देवाच्या उजव्या खांद्याला चीक लावला. पातळ. बोटाला कळेल, डोळ्याला नाही. आता उजवी कळी देवाच्या बापाला पडत नाही.

  देवाला म्हटलं, तू पण एक कॅरेक्टर आहेस असं समज. सगळ्यात मोठं. एकच डायलॉग आहे तुला, नीट म्हण.


७ एप्रिल

संशय नको म्हणून आज मुद्दाम रत्नागिरीला गेलो, दाजींच्या दुकानाची पाटी रंगवत बसलो. संध्याकाळच्या गाडीने आलो तर आई म्हणाली, "डावी पडली."

डावी! मी आईला उचलून एक फेरी मारली. ती म्हणाली, "मेल्या, लोकाच्या पोरीला देवानं नाय म्हटलान आणि तू नाचतंस?"

फणसाखालून मथीच्या घराकडे बघितलं. चूल पेटलेली नव्हती. आत्ये पायरीवर बसलेली. मी हात केला तर तिने तोंड फिरवलंन. लांज्याची माणसं गेली म्हणून वाईट वाटत असेल. वाटू दे दोन दिवस.


१३ एप्रिल

हे काय चाललंय?

आज भागोजीकाका लांज्याला जाऊन नारळ देऊन आले. लग्न ठरलं. सदूशीच. १२ मेला, गोरज मुहूर्तावर. देवाने नाही म्हटल्यावर? ज्या माणसाने आयुष्यात देवाला विचारल्याशिवाय जाळं पण बदललं नाही तो पोरीचं लग्न देवाच्या तोंडावर ठरवतो?

मी विचारलं, "काका, पण कौल?"

ते म्हणाले, "कौल मिळाला तसाच करताव." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवलानी. फटकळ माणूस, मला कधी 'बस' म्हणाला नव्हता. हात ठेवून म्हणाले, "वायट वाटून घेवू नको." 

मला काय वाईट वाटायचंय? मी फक्त नियमाचं विचारलं.


२० एप्रिल

गावात गंमत चाललीय. देव सगळ्यांना नाही म्हणतोय. एकाने विहिरीसाठी विचारलं, डावी. एकाने नव्या होडीसाठी, डावी. मोरूकाकांनी स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं विचारलं, डावी, त्यावर ते जरा खूश झाले. म्हणतात, देवाने उजवी घट्ट धरून ठेवलीय, बोटाने पण सुटत नाही, काहीतरी कोप आहे.

एरवी मी हसून लोळलो असतो. आज हसायला गेलो आणि कळलं, हे हसून सांगायला जी लागते ती जवळ्यापाशी बसत नाही आता. हळद लागणार म्हणून तिला उन्हात पाठवत नाहीत.

कावळे मोकळे.


२९ एप्रिल

मथी फणसाखाली भेटली. सरपण न्यायला आली होती, पण सरपण घेईना.

मी म्हटलं, "देव नाही म्हणाला होता ना?"

"म्हनाला."

"मग तरी?"

"केरू, तुला खरंच कायच कळत नाय काय रे? काय सोंग घेतंस?"

"कसलं सोंग?"

तिने एक फाटा उचललान, परत टाकलान. "देवानं नाय म्हटलेलं तोंडानं सांगू नये, नायतर सांगितलं असतं. आत्येनं देवाला इचारलंन. माजं मी वहीत लिवलं. तू कोनाला इचारलंस?"

एक वाक्य जिभेवर आलं होतं. आलं होतं हे खरं. पण मला सवय नाही. म्हटलं, "मी एस्टीच्या कंट्रोलरला विचारलं. गाडी एक तास लेट आहे म्हणाला."

ती हसली. खरंच हसली, आवाज करून. मग पदर तोंडाला लावून घरात पळाली. मी खूश. महिन्याभराने हसवली तिला.

सरपण तिथंच राहिलं. मी उचलून त्यांच्या मागच्या दाराशी ठेवून आलो.


१२ मे

लग्न लागलं. दाजींनी कॅमेरा आणला होता. पिक्चरसाठी ठेवलेली कॅसेट यातच गेली, म्हणाले पिक्चर पुढच्या वर्षी. दिवा धरायला माणूस नव्हता म्हणून दोन तास मी धरला. हात अजून भरलेला आहे. एवढंच.


१४ मे

मथी माहेरी येऊन सकाळच्या गाडीने मुंबईला गेली. मी वळणावर पांढरा रंग घेऊन दगडाला दुसरा हात देत बसलो होतो, काहीतरी काम हवं म्हणून. गाडी गेली. खिडकीला सदू होता, त्याने हात केलान. ती पलीकडे असेल.

३७१ अगदी स्वच्छ दिसतंय आता.


२५ मे

दाजींकडे गेलो. लग्नाची कॅसेट लावून बसले होते. म्हणाले, "केरू, एक लोचा झालाय. ही पोर सारकी कॅमेऱ्याकडं बगत्ये. मंगळाष्टकं चाललीत, नवरा समोर, आणि ही हिकडं. कॅमेऱ्याकडं पण नाय, जरा बाजूला. बग."

मी बघितलं. म्हटलं, "दिव्याकडे बघतेय. डोळ्यात उजेड जात असेल."

"उजेडाकडं कोन असा डोळे उघडून बगतं?"

 दाजींनी तोच तुकडा परत लावला. मग परत.

मग गोष्टीचं निघालं. म्हणाले, "तुझा व्हिलन पटत नाय रे. मिशा काडल्या तर भला मानूस हाय."

"आणि हिरो?"

"हिरो हाय कुठं? मला तर दिसलाच नाय."

घरी येऊन वही बाहेर काढली. शेवटचं पान. मी लिहिलेलं होतं, 'हिरवीण : बघत राहते.' त्यावर लाल पेन्सिलची रेघ. खाली तिच्या अक्षरात,

'हिरवीण : मी हितंच हाय. मुंबैला जायाचं माज्या मनात नाय. तू एकदा बोल, मग मी बापाशी बोलतंय. बोल.'

आणि त्याच्याखाली 'हिरो :' असं लिहून पुढं जागा सोडलेली. तीन ओळींची. नेहमी मला जास्त जागा लागते हे तिला ठाऊक आहे.

तारीख पण घातलीय. २१ मार्च.

'वाचलं की. झकास आहे.'


१ जून

संध्याकाळी वळणावर गेलो तर आत्ये दगडापाशी बसलेली. पिशवी नव्हती. मी शेजारी बसलो.  पावसची एक गाडी गेली, एक आली. त्यातून दोघंच उतरले, दोघंही आमचे नव्हेत.

आत्ये म्हणाली, "तुला राग आला असंल माजा. मी तोंड फिरवलं तवा. काय करू? तोंड दाकवाची लाज वाटली."

"कसली लाज?"

"तुज्यासाटी लावलावता कौल." ती रस्त्याकडे बघून बोलत होती. "भागोजी लांज्याला द्याला तयारच होता. मी आडवी पडलंय. म्हटलं, पोर शेजारचा हाय, टवाळ हाय पन हात चालतो त्याचा, मुंबैला जानारा नाय. आनि पोरीच्या डोळ्यात काय हाय ता मला दिसतं, मी काय आंधळी नाय. भागोजी म्हनाला, आधी देवाला इचारू. इचारलं, मथुरा केरूला देवू काय? डावी पडली. एका दमात. उजवी हललीसुदीक नाय."

मी दगडाला पाठ टेकली. दगड तापलेला होता, दिवसभराचा.

मग मी तिला सांगितलं. फणस, करवंटी, मोरूकाकांची झोप, सगळं. सांगताना एकही ओळ गंमतीची आली नाही. मला वाटलं ती रडेल, नाहीतर मारील. मारायला हवं होतं.

ती म्हणाली, "अजून हाय काय रे तो चीक देवाच्या अंगावर?"

"असेल."

"म्हंजे दोन म्हैने देव तसाच बसलाय, कोनाला होय म्हनाची सोय नाय त्याला." ती गुडघ्यावर हात टेकून उठली, परत बसली. "जा, आधी धुवून ये. पान्यानं निघत नाय फणसाचा चीक, खोबरेल लाव. आनि मोरूला उटवून सांग त्याला. चोरून धुवू नको."

गेलो. मोरूकाकांना उठवलं. त्यांनी ऐकलं, माझ्या मुस्कटात एक दिलीनी, आणि मग खोबरेलाची बाटली स्वतःच आणून दिलीनी. मी देवाचा खांदा चोळला. नारळाच्या तेलाचा वास, तगरीचा वास, आणि बोटाखाली ती कळी, सुकून तपकिरी झालेली. हाताने सोडवली ती. उजवी. खिशात ठेवली.

परत आलो तेव्हा आत्ये तिथंच होती. उजेड अजून होता.

"धुतलास?"

"धुतला."

"सांगितलंस?"

मी गाल दाखवला. तिने बघितलंन आणि मान हलवलीन. मग पदराने दगडावरची धूळ पुसलीन. म्हणाली, "रंग हाय काय तुज्याकडं?"

"घरी आहे."

"घेऊन ये. तो सात आनि एक पूस."

मी तिच्याकडे बघितलं. "आत्ये, खोटं आहे गो ते. तीनशे एकाहत्तर आहे."

"ता मला काय म्हायत नाय?" ती म्हणाली. "तवा पन म्हायत होतं. पन त्या दिवशी दुपारपर्यंत बरं वाटलं रे बसायला."

रंग आणला. सात पुसला, एक पुसला. पांढरा सुकेपर्यंत दोघं बसून राहिलो. मग तिने विचारलंन, "किती ऱ्हायलं?"

"तीन."

"मंग काय," ती म्हणाली आणि जरा सरकून मला दगडाला टेकायला जागा दिलीन. "तीन काय, चालत येतील."